बातमी मेल्यावर नको, जगताना हवी
(विहाराच्या वर्धापनदिनी तळेघर येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी. जेवणाच्या सुट्टीत एकानं पेपर वाचायचा आणि दहाजणांनी ऐकायचा, तीच आमची शाळा. म्हणून आज एका पत्रकाराविषयी बोलतो. त्यांचं नाव पी. साईनाथ.

जन्म 1957 चा, मद्रासचा. माजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांचे हे नातू. 1980 साली वृत्तसंस्थेत लागले, पुढे मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात आले. शहरात बसून मोठ्यांच्या मुलाखती घेता आल्या असत्या. पण 1993 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत गेले, मैलोन्‌मैल पायी हिंडले. त्या लेखांचं पुस्तक 1996 ला निघालं. मराठीत ते 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावानं आहे. त्याचं सार असं की दुष्काळ पडला की पेपरवाले धावतात, पण रोजची उपासमार आणि रोजचं कर्ज यांना कुणी बातमी मानत नाही.

2004 ते 2014 ते 'द हिंदू' दैनिकात ग्रामीण विभागाचे संपादक होते. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर त्यांनी घरोघरी जाऊन लिहिलं. मुंबईत कापसाच्या कपड्यांच्या फॅशन शोला पाचशेच्या वर पत्रकार जमतात, पण कापूस पिकवणारा मरतो तिथं बाहेरून मोजकेच येतात, हे त्यांनीच दाखवलं. 2007 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डिसेंबर 2014 मध्ये त्यांनी इंटरनेटवर 'पारी' सुरू केलं. ते मोबाईलवर मराठीतही वाचता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव जमवलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांचा ठेवाही तिथं आहे. त्यात बाबासाहेबांवर आपल्या आयाबहिणींनी गायलेल्या ओव्या आहेत!

आता आपल्या आंबेगाव तालुक्याकडे बघा. 30 जुलै 2014 ला माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. गाव दिसत नाही, हे पहिल्यांदा एस.टी.च्या ड्रायव्हरनं कळवलं. मग कॅमेरे आले. त्याआधी या डोंगरातल्या वाड्यांची बातमी कोण देत होतं? खाली डिंभे धरण, आणि वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात डोक्यावर हंडे. हिरड्याला काय भाव मिळाला, एस.टी. किती दिवस आली नाही, हे कोण लिहिणार?

साईनाथ प्रत्येक गावात येणार नाहीत. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढलं, ते आपलं दुःख आपणच मांडायचं म्हणून. तेव्हा छापखाना लागत होता, पैसा लागत होता. आज पोरांच्या खिशात मोबाईल आहे.

समितीला आमची एकच विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. दर पौर्णिमेला मुलामुलींनी आपापल्या वाडीची हकिकत तारखेसह लिहावी, आजीला विचारून लिहावी, खात्री करून लिहावी. खोटं एक अक्षर नको. ती वही भरली की तिचा फोटो तहसीलदारांकडेही जाऊ द्या आणि पेपरकडेही.

जयभीम! जय भारत!