नाव तक्त्यालाच विचारावे



आजचा विषय ऐकावयास रुक्ष आहे. पण देगलूरच्या घरोघरी त्याचा संबंध पोहोचतो. २०११ साली जनगणना झाली. तिचा गावनिहाय गोषवारा आज संगणकावर मिळतो. सातबाऱ्याला असतात तसे त्यालाही रकाने आहेत. मात्र त्यांची नावे त्रोटक इंग्रजी अक्षरांची. एकूण स्त्रिया ‘टॉट_एफ’, साक्षर स्त्रिया ‘एफ_लिट’, सहा वर्षांपर्यंतच्या मुली ‘एफ_०६’, कुटुंबसंख्या ‘नो_एचएच’. या शेवटच्या नावात एकच अक्षर लहान, बाकीची मोठी!

अभ्यासक अशी नावे हाताने लिहितो आणि तेथेच घात होतो. संख्याशास्त्रात रूढ असलेल्या ‘आर’ या संगणकभाषेत लहान व मोठे अक्षर निराळे मानतात. डॉलरचिन्हापुढे नाव चुकले, तर साध्या तक्त्याच्या बाबतीत ती तक्रार करीत नाही. ‘काही नाही’ एवढेच उत्तर देते, आणि त्याची बेरीज येते शून्य. म्हणजे एका अक्षरापायी अख्ख्या देगलुरात एकही कुटुंब नाही! एकटे शून्य डोळ्यांत भरेल. पण ते मोठ्या बेरजेत मिसळले तर कोणाच्या ध्यानात यावे?

उपाय सोपा आहे. नावे आठवू नयेत, तक्त्यालाच विचारावी. ‘नेम्स’ ही आज्ञा दिली की सर्व नावांची यादी मिळते. ती जपून ठेवावी. स्त्रियांचे रकाने हवे असल्यास ‘एफ_’ने आरंभ होणारी नावे ‘ग्रेप’ आज्ञेने वेचावी आणि पुढील गणितात तीच योजावी. नाव एकेरी चौकोनी कंसात दिले, तर चुकीच्या नावाला यंत्र तेथल्या तेथे अडविते.

परंतु यंत्र नाव सांगते, अर्थ सांगत नाही. ‘एफ_इल’ म्हणजे निरक्षर स्त्रिया. त्यांत पाळण्यातली मुलगीही धरलेली असते. १९९१ पासून साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यांवरील लोकांतच काढतात. म्हणून साक्षर स्त्रियांच्या संख्येला भागताना एकूण स्त्रियांतून लहान मुली वजा केल्याच पाहिजेत. नाही तर आपल्या लेकीसुना आहेत त्याहून अधिक अडाणी दिसतील, आणि पुढच्या योजना त्याच आकड्यांवर आखल्या जातील.

तेव्हा नाव यंत्राकडून घ्यावे. अर्थ मात्र आपण स्वतः तपासावा.