दंड भरला, विषय संपला?

श्रोतेहो, पाम बीच रोड मोकळा दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो. माझ्या मुलाचाही पडला. गाडी तो चालवत होता, पण चलनाचा एसएमएस मला आला, कारण गाडी माझ्या नावावर. "बाबा, दंड मी भरतो. विषय संपला," तो म्हणाला. खरंच संपला का?

ब्रिटनमध्ये नियम मोडला की लायसन्सवर गुण चढतात. तीन वर्षांत 12 झाले की साधारणपणे लायसन्स जातं आणि विम्याचा हप्ताही वाढतो. आपल्याकडे 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, दंड वाढले, पण गुणपद्धती त्यात आली नाही. म्हणून आपल्याला वाटतं, पावती फाडली की सुटलो.

तसं नाही. 1988 च्या मूळ कायद्यातल्या कलम 19 नुसार लायसन्स निलंबित होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये राज्यांना बजावलं होतं, की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणं, यासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. हेल्मेट नसेल तर तीन महिन्यांची अपात्रता आता कायद्यातच आहे.

आणि विमा? विमा नियामकाच्या कार्यगटाने 2021 मध्ये शिफारस केली, की नियमभंगाला गुण द्यावेत आणि त्यावर जादा हप्ता ठरवावा. दारू पिऊन चालवल्यास 100, चुकीच्या पार्किंगला 10.

पण खरा धोका हप्त्याचा नाही. लायसन्स निलंबित असताना कुणी गाडी काढली आणि अपघात झाला, तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारू शकते. जखमीला कंपनीने भरपाई दिली, तरी न्यायाधिकरणाच्या आदेशाने ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. ती हजारांत नसते, लाखांत असते.

हे ऐकून मुलगा गप्प झाला. म्हणाला, "म्हणजे चूक माझी आणि घर तुमचं."

तेव्हा मंडळी, चलन आलं तर गाडी कोण चालवत होतं, हे आधी विचारा. आणि किल्ली हातात देताना, मग तो मुलगा असो, भाचा असो की ड्रायव्हर, त्याचं लायसन्स चालू आहे ना, एवढं बघा.