सारख्या बटणांची ओळख

ऑनलाइन अर्जात कुटुंबातल्या माणसांची माहिती भरायची असते. सुरुवातीला एकच ओळ दिसते: नाव, वय, नातं. खाली ‘आणखी सदस्य जोडा’. ते दाबत गेलं की ओळी वाढतात आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘काढा’ हे बटण येतं. सगळी दिसायला सारखीच. चौथं दाबलं तर चौथीच ओळ जावी, एवढंच अर्जदाराचं मागणं. भलतीच ओळ गेली तर अर्जातून आजीचं नाव जातं, आणि ते अर्ज पाठवून झाल्यावर कळतं. म्हणून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींशी आज याविषयी बोलावंसं वाटलं.

पान उघडताना जी बटणं हजर असतात, त्यांनाच क्लिकचं फंक्शन जोडलं तर मागाहून आलेली बटणं दाबूनही ढिम्म राहतात. मग प्रत्येक नव्या ओळीबरोबर सगळ्यांना पुन्हा फंक्शन जोडलं जातं आणि जुन्या बटणांवर दोन-दोन, तीन-तीन साचतात. ओळीची नक्कल करताना आयडी तोच राहिला, तर आयडीवरून शोधताना पहिलीच ओळ हाती लागते. दाबली चौथी, गेली पहिली!

उपाय ब्राउझरमध्येच आहे. क्लिक बटणावर संपत नाही. तो बटणाकडून ओळीकडे, ओळीकडून तक्त्याकडे, पुढे फॉर्मकडे असा वर चढतो. नव्वदच्या दशकात नेटस्केपने हा प्रवास वरून खाली ठेवला होता, मायक्रोसॉफ्टने खालून वर. नोव्हेंबर २००० मध्ये वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मानकात दोन्ही दिशांना जागा मिळाली. क्लिक असा वर चढतो, म्हणून तो ऐकणारं फंक्शन एकच असावं, बाहेरच्या तक्त्यावर. वाड्याला एकच दिंडीदरवाजा असला की आत बिऱ्हाडं कितीही वाढोत, राखण तिथेच होते. क्लिक आला की, वर जात जवळचा जुळणारा घटक शोधणारं ‘क्लोजेस्ट’ वापरून त्याचं बटण आणि त्याची ओळ शोधायची. क्लिक जिथे पडला त्या ‘टार्गेट’वर नुसतं विसंबू नये, बटणात चित्र असेल तर टार्गेट म्हणून ते चित्रच पुढे येतं.

ओळीची ओळख तिच्या क्रमांकावरही ठेवू नये. दुसरी ओळ काढली की तिसरी दुसरी होते, पण तिच्या बटणावर तीनच लिहिलेलं राहतं. प्रत्येक ओळीला जन्मतःच वेगळी खूण द्यावी आणि ती दुसऱ्या ओळीला कधीच देऊ नये.

एक गोष्ट मला सगळ्यांत घातक वाटते. फॉर्ममधल्या बटणाचा प्रकार लिहिला नाही, तर एचटीएमएल त्याला ‘सबमिट’ समजतं. आणि चौकटीत नाव टाइप करून कुणी एंटर दाबलं, तर ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण स्वतःच दाबतो. ते कोणतं? पहिल्या ओळीतलं ‘काढा’! माणूस लिहीत असतो तिसऱ्या ओळीत, बटणाला त्याने हातही लावलेला नसतो, आणि पहिलं नाव नाहीसं होतं. त्या बटणाचा प्रकार ‘बटन’ असा लिहिला की हे टळतं. एका शब्दाचं काम आहे, पण ते राहून जातं.

आता ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांचा विचार करा. मायकेल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बटणांची नावं वाचून दाखवतो. टॅब दाबत बटणांवरून जाणाऱ्याला सारखं ‘काढा’च ऐकू आलं, तर कोण कुणाचं हे कसं कळावं? बटणाला पडद्यावर न दिसणारं, पण वाचलं जाणारं नाव देता येतं: ‘सुमन यांची ओळ काढा’. नावाची चौकट बदलली की हेही बदलायला हवं. ओळीबरोबर दाबलेलं बटणही जातं आणि कीबोर्डचा फोकस हरवतो. तो पुढच्या ओळीतल्या बटणावर न्यावा, पुढे ओळ नसेल तर ‘आणखी सदस्य जोडा’वर. कुणाची ओळ निघाली हे पानाने ऐकवावं आणि ती परत आणायची सोयही तिथेच ठेवावी.