दिवा लागला, पण काम झालं का?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच मंचावर गाणं झालं. सुरुवातीला तंबोरे जुळवण्यात बराच वेळ गेला, पण कोणी कुरकुर केली नाही. शेवटी श्रोते ग्वाल्हेरचे! आमच्या कामातही असं जुळवणं असतं. तिथे मात्र सगळ्यांनाच घाई असते. त्याबद्दल आज चार शब्द सांगतो.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतले डिप्लोमावाले. आमच्याकडे दहावी, आयटीआय झालेली मुलं येतात. काही लष्कर, मुरार, हजिऱ्याची, काही डबरा-भितरवारकडची. रस्त्याकडेला पुरलेली किंवा खांबांवरून नेलेली ऑप्टिकल फायबर केबल जोडायची, तपासायची आणि चालू करून द्यायची, हे आम्ही त्यांना शिकवतो. 2011 साली केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. तेव्हापासून हे काम जाणणारे हात खेड्यापाड्यांतही लागतात.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याची जाडी 125 मायक्रॉन, आणि ज्यातून प्रकाश जातो तो मधला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. सांधा चांगला असेल तर नुकसान 0.1 डेसिबलच्या आत राहतं. हे मुलं लवकर शिकतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा बारा रंगांचा क्रम तर पाढ्यासारखा पाठ होतो. अवघड आहे ती तपासणी.

काही वर्षांपूर्वी भितरवारकडच्या एका पंचायतीचं काम आमच्या मुलांनी केलं. देखरेख आमची होती. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला, पेढे वाटले गेले, आम्ही कागदावर सही केली. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, इंटरनेट येतं आणि जातं. पेन्शनसाठी अंगठा लावायला आलेल्या म्हाताऱ्या बायका पंचायतीतून दोन-दोन दिवस रिकाम्या हाताने परत जात होत्या.

आम्ही ओटीडीआर घेऊन गेलो. हे यंत्र तंतूत प्रकाशाचे ठोके पाठवतं आणि परत येणाऱ्या अंधुक प्रकाशावरून किती अंतरावर बिघाड आहे ते दाखवतं. पडद्यावर 4.3 किलोमीटरवर पायरी दिसली. मोटरसायकलचं मीटर बघत तिथे पोचलो आणि मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत खणलं. केबल धडधाकट! मग लक्षात आलं, यंत्र काचेची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. प्रत्येक चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. ती वजा केल्यावर जागा दीडशे मीटर अलीकडे निघाली. तिथे सांध्यावरच्या बंद डब्यात एक तंतू झाकणाखाली मुडपला होता.

असा मुडपलेला तंतू 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशाला फारसा अडवत नाही, 1550च्या प्रकाशाला जास्त अडवतो. पंचायतीकडे येणारा प्रकाश असतो 1490चा. आमची तपासणी झाली होती फक्त 1310वर, तीही एकाच टोकाकडून. प्रकाश पोचत होता, पण अगदी काठावर. जरा काही हललं की जोडणी तुटायची.

चूक मुलांची नव्हती. पंख्याखाली टेबलावर शिकवणारे आम्ही, दुसरी तपासणी सक्तीची न करणारे आम्ही, आणि सहीही आमचीच.

तेव्हापासून अर्धी शिकवणी अंगणात, कडुनिंबाखाली, धुळीतच होते. प्रत्येक सांधा दोन्ही प्रकाशांवर आणि दोन्ही टोकांकडून तपासायचा. कुठल्या चेंबरमध्ये किती मीटर केबल गुंडाळली, ते वहीत लिहायचं. कनेक्टर दर वेळी पुसूनच लावायचा. फायबरच्या टोकात डोळा कधीच घालायचा नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. शेवटी पंचायतीत पॉवर मीटर लावून आकडा लिहायचा. तो उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या मध्ये हवा, काठावरचा चालणार नाही. मग यंत्राची नोंदणी करायची, आणि अर्धा तास तिथेच बसून इंटरनेट नीट चालतं का ते पाहायचं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका मुलाला मीटरवर उणे 26 आकडा दिसला. त्याने सही करायला नकार दिला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘बत्ती तो जल गई!’ मुलगा म्हणाला, ‘बत्ती जली है, काम बाकी है.’ सांधा पुन्हा केला, पण त्या दिवशीची त्याची अर्धी मजुरी गेली. आम्ही त्याला शाबासकीशिवाय काही देऊ शकलो नाही, याची खंत आजही आहे.

मंडळी, आपल्यात कोणी बँकेत आहे, कोणी सरकारी खात्यात, कोणी ठेकेदारीत. उद्या असा एखादा मुलगा तुमच्या दारी मीटर घेऊन उभा राहिला आणि ‘थोडा वेळ द्या’ म्हणाला, तर द्या. त्याची मजुरीही कापू देऊ नका. तंबोरा जुळेपर्यंत आपण थांबतोच ना, तसंच थांबा.

गणपती बाप्पा मोरया!