रूप आणि हूल

लास व्हेगास येथील एखाद्या जुगारगृहांत पोकरच्या मेजाभोंवतीं आठ माणसें बसलेलीं आहेत, अशी कल्पना करा. इतक्यांत नववा मनुष्य येऊन खुर्ची ओढतो. त्याचे दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदणाच्या नक्षीनें भरलेले आहेत आणि मानेवरहि एक साप वेटोळें घालून बसला आहे. त्यानें अद्याप एकहि पान उचललेलें नाहीं, एक डॉलरहि लावलेला नाहीं. परंतु आठहि जणांच्या मनांत त्याचा खटला चालून निकालपत्र लिहून झालेलें असतें. हा मनुष्य बेदरकार आहे, हा वाटेल त्या पानांवर पैसे लावील, हा हूल देईल!

आपल्याकडे हा निकाल लागला नसता. गोंदण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें आजीच्या कपाळावरची हिरवी टिकली येते, फार तर तिच्या हातावरचें तुळशीवृंदावन. तें सौभाग्याचें लेणें. त्याचें भय कोणास वाटणार? इंग्रजीत मात्र त्यासाठीं जो शब्द रूढ झाला तो कॅप्टन कुक यांच्या १७६९ सालच्या ताहितीच्या सफरीबरोबर आला, आणि पुढें दीर्घ काळ ही कला खलाशी, शिपाई व तुरुंगवासी यांच्या अंगाशीं जोडली गेली. आतां तिकडे प्राध्यापक आणि डॉक्टरहि गोंदवून घेतात. पण मनांतली जुनी सांगड अजून पुरती सुटलेली नाहीं.

ज्यांना झब्बू आणि मेंढीकोट यांपलीकडचे पत्ते ठाऊक नाहींत त्यांच्यासाठीं खेळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. पोकरच्या आज सर्वांत रूढ प्रकारांत प्रत्येकास दोन पानें गुप्त मिळतात आणि पांच पानें सर्वांसमक्ष उघडलीं जातात. या सातांतून ज्याचीं पांच पानें सरस, त्याचा डाव. परंतु मधल्या फेऱ्यांत जो भारी रक्कम लावून इतरांना पानें टाकावयास लावतो, तो आपलीं पानें न दाखवितांच सारा ढीग ओढून नेतो. खरी गंमत, आणि खरा घातहि, येथेंच आहे. बहुतेक डावांत गुप्त पानें कोणास दिसतच नाहींत. त्यामुळें समोरचा खरें बोलला कीं खोटें, याचा पुरावा तासन् तास बसूनहि फार थोडा हातीं लागतो. पुरावा नसला म्हणजे मनुष्य जें दिसेल त्यालाच पुरावा मानतो. मग टोपी, चष्मा, दाढी, गोंदण, वय, सारें साक्षीस उभें राहतें.

चतुर खेळाडू याच ठिकाणीं आपला लाभ साधतो. ज्याच्या अंगावर साप आहे त्यानें हूल देण्याच्या भानगडींत फारसें पडूं नये. चांगलीं पानें येईपर्यंत थांबावें आणि मग निमूटपणें मोठी रक्कम लावावी. समोरचे त्याला लबाड समजून पैसे लावीतच राहतील. उलट साठीचे, चष्मा लावलेले, शर्टाचें वरचें बटणहि न सोडणारे एखादे गृहस्थ असतील, तर त्यांची हूल सहसा पचते. असा मनुष्य खोटें बोलेल, हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं.

२००३ सालीं जें घडलें तें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. पोकरच्या जागतिक मालिकेच्या मुख्य सामन्यास त्या वर्षीं ८३९ खेळाडू बसले होते आणि प्रवेशमूल्य १०,००० डॉलर होतें. त्यांत टेनेसी संस्थानांतील ख्रिस मनीमेकर नांवाचे २७ वर्षांचे एक हिशेबनीस होते. (आडनांव खरेंच तें, कोणी नाटककारानें योजिलें असतें तर प्रेक्षक हंसले असते.) इंटरनेटवरील एका स्पर्धेत शंभर डॉलरहूनहि कमी मूल्य भरून त्यांनीं ही जागा मिळविली होती. किंचित् स्थूल शरीर, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारच्या कचेरींतला कोणीहि कारकून असाच दिसतो. शेवटीं दोघेच उरले. समोर सॅम फार्हा, लेबाननमध्यें जन्मलेले कसलेले धंदेवाईक खेळाडू, ओंठांत न पेटविलेली सिगारेट.

एका डावांत मेजावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि तिर्री अशीं पानें उघडलीं. फार्हा यांच्या हातीं राणी व नव्वी होती, म्हणजे मेजावरच्या सर्वांत मोठ्या पानाशीं त्यांची जोडी जमली होती. मनीमेकर यांच्याजवळ इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. ज्या पानाची ते वाट पाहत होते तें आलेंच नाहीं. हातीं कांहींच उरलें नव्हतें. त्यांनीं आपला सारा ढीग पुढें लोटला आणि ते पुतळ्यासारखे बसून राहिले. फार्हा यांनीं पैसे लावले असते तर सामन्याचें पारडें तेथेंच फिरलें असतें. त्यांनीं विचार केला, घुटमळले, आणि पानें टाकून दिलीं. एका हिशेबनिसाची एवढी छाती असेल, हें त्यांना पटलें नसावें. पुढें लौकरच मनीमेकर यांनीं सामना जिंकला आणि २५ लाख डॉलरचें बक्षीस घेतलें.

शास्त्रज्ञांनींहि या गोष्टीचा मागोवा घेतला आहे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत असें आढळलें कीं, समोरचा चेहरा विश्वासू दिसला म्हणजे माणसें अधिक वेळ घेतात आणि अधिक चुका करतात. म्हणजे आजवर ज्या निर्विकार चेहऱ्याची एवढी ख्याति, त्याहून भोळाभाबडा चेहराच हूल देणाराला अधिक उपयोगी! २०१३ सालचा दुसरा प्रयोग याहून मौजेचा आहे. २००९ च्या जागतिक मालिकेंतील चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवून पानें कितपत चांगलीं आहेत तें विचारलें. केवळ चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज योगायोगानें जुळावेत त्याहूनहि कमी जुळले. परंतु ज्यांना फक्त पैसे पुढें सरकविणारे हात दाखविले, त्यांचे बरेच बरोबर आले. तेव्हां हाताकडे पाहावें हें खरें, पण हातावर काय गोंदलें आहे तें नव्हे. हात कसा हलतो तें पाहावयाचें.

२००० सालचे विजेते ख्रिस फर्गुसन यांची लांब दाढी, खांद्यावर रुळणारे केस आणि रुंद टोपी पाहून लोक त्यांना येशू म्हणत. या वेषाखालीं संगणकशास्त्राचे डॉक्टर बसले होते, आणि पानें कशींहि असोत, प्रत्येक चालीस सारखाच वेळ घेण्याचा त्यांचा प्रयत्न असे.

नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टॅड हिची गोष्ट सांगितल्यावांचून मात्र हें पुरें होत नाहीं. इंटरनेटवर, जेथें कोणास कोणाचें रूप दिसत नाहीं, तेथें तिनें १८० खेळाडूंची एक स्पर्धा आपलीं पानें झांकून ठेवून जिंकली. साऱ्या स्पर्धेंत तीं तिनें एकदांच पाहिलीं. बाकी सर्व वेळ ती इतरांच्या चालीच पाहत होती. २००७ च्या सप्टेंबरांत लंडन येथें जागतिक मालिकेचा युरोपीय सामना भरला तेव्हां ती प्रत्यक्ष मेजाशीं येऊन बसली. समोरच्या पुरुषांना एक कोवळी मुलगी दिसली. १९ वा वाढदिवस उजाडण्याच्या आदल्या दिवशीं तिनें ३६२ खेळाडूंचा तो सामना जिंकला आणि दहा लक्ष पौंड घेतले. लास व्हेगासच्या जुगारगृहांत २१ वर्षें पुरीं झाल्याखेरीज खेळतां येत नसल्यामुळें, तेथील मेजाशीं बसावयास तिला आणखी दोन वर्षें थांबावें लागणार होतें.