कुटुंबातील जिव्हाळा आणि शाळा

(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरील कोणत्याही प्राथमिक शाळेत 'माझे कुटुंब' या विषयावर चार ओळी लिहावयास सांगितल्या म्हणजे एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. कित्येक मुलांच्या वहीतील वडील घरी नसतात. कोणाचे मुंबईस नोकरीला, कोणाचे जहाजावर, तर कोणाचे मासेमारीच्या बोटीवर, कित्येक दिवस समुद्रात. कातकरी वाडीवरील मुलांचे आईबाप दोघेही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशी परततात. मूल आजीजवळ राहते, नाही तर त्यांच्यामागून भट्टीवर जाते आणि हजेरीपटावरील त्याची ओळ रिकामी पडते. चाकरमान्याचे घर गणपतीत भरते व विसर्जनानंतर पुन्हा अर्धे होते.

पाठ्यपुस्तकातील चित्रात मात्र आई, वडील, आजी, आजोबा अशी सर्व मंडळी एका पंगतीस बसलेली असतात. ते चित्र फळ्याजवळ धरून शिक्षक कौटुंबिक प्रेमाचे महत्त्व सांगू लागला की मागल्या रांगेतील एखादे मूल खाली मान घालते. आपले घर मोडके आहे, अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि ती एकदा मनात रुजली म्हणजे पुढे निघता निघत नाही. कौटुंबिक जिव्हाळ्याचा विचार करावयाचा तो या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून.

त्यासाठी उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजेच पुढे आचार्य विनोबा म्हणून देशाला ठाऊक झालेले थोर पुरुष, यांचा जन्म झाला. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हा होता. विनोबांच्या भूदानाविषयी शाळांतून सांगितले जाते. त्यांच्या बालपणातील घराविषयी फारसे सांगितले जात नाही. वास्तविक ते घर किनाऱ्यावरील आजच्या पुष्कळ घरांसारखेच होते. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. मुले आणि आई रुक्मिणीबाई गागोद्यास आजोबांजवळ. वडिलांची भेट होई ती दिवाळीस. सारे कुटुंब बडोद्यास एकत्र राहावयास गेले ते पुढे.

या घराच्या आठवणी विनोबांनी स्वतःच आपल्या भाषणांतून वेळोवेळी सांगितलेल्या आहेत. त्यांत मोठे प्रसंग जवळजवळ नाहीतच. अंगणातील फणस पिकला की आई गऱ्यांचे द्रोण भरी आणि ते घरोघर पोचवावयास मुलांना पाठवी. सर्वांकडे पोचल्यावर मग मुलांना खावयास बसवी. तुळशीला पाणी घातल्यावाचून जेवण मिळत नसे. शेजारच्या घरची बाई माहेरी गेलेली असली म्हणजे आई त्या घरी जाऊन स्वयंपाक करून देई. एकदा विनायकाने तिची थट्टा केली, की आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकून मग तू त्यांच्याकडे जातेस, तेव्हा तू स्वार्थीच ठरलीस. त्यावर तिने समजावून सांगितले, की त्यांचा आधी केला तर त्यांना गार अन्न जेवावे लागेल. अशा बोलण्याची त्या घरी मुभा होती, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाने आईच्या वागण्यातील विसंगती दाखवावी आणि आईने न रागावता त्याचे समाधान करावे, हे आजही प्रत्येक घरी घडते असे नाही. प्रत्येक वर्गात घडते असे तर मुळीच नाही.

दुसरा एक प्रसंग गणित शिकविणाऱ्यांना आवडावा. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम केला होता व त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. नरहरपंतांची वृत्ती शास्त्रीय. त्यांनी सुचविले, की एका तोळ्यात किती दाणे बसतात ते मोजावे, त्यावरून हिशेब करावा आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घालावेत. काम तेव्हाच उरकेल. गणित बिनचूक होते. आईने मुलाचे मत विचारले. त्याने सांगितले, की प्रत्येक दाण्यागणिक मन देवाकडे जाते, म्हणून हे मोजणे केवळ हिशेबाचे काम नव्हे. या प्रसंगातील तात्पर्य पुष्कळ जण भक्तीत शोधतात. शिक्षकाने मात्र दुसरीकडे पाहावे: नवराबायकोत मतभेद झाला, तो उघडपणे बोलला गेला, आणि त्यात लहान मुलाचे मत विचारण्यात आले.

तरीही ते घर चित्रातल्यासारखे गोड होते असे समजण्याचे कारण नाही. वडील मुलांना मारीत असत, हे विनोबांनी लपविलेले नाही. मुलाला सोळावे वर्ष लागले आणि मार एकाएकी थांबला. सोळा वर्षांच्या पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, हे शास्त्रवचन वडिलांनी प्रमाण मानले होते. सोळा वर्षे वाट पाहण्याची काही आवश्यकता नव्हती, एवढेच येथे म्हणता येईल. आता तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा शाळेत छडीला जागाच ठेवीत नाही.

पण याच वडिलांची दुसरी आठवणही आहे. एका दिवाळीस ते गागोद्यास येणार होते. ते खाऊ आणतील, असे आईने मुलाला सांगून ठेवले होते. त्यांनी आणलेले पुडके हातात घेताच ते चपटे लागले. उघडून पाहतो तो आत मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके. पुस्तके घेऊन तो आईकडे गेला, तेव्हा यापेक्षा चांगला खाऊ असूच शकत नाही, असे ती म्हणाली. वर्षातून क्वचित भेटणाऱ्या बापाचे आणि मुलाचे नाते कसे धरले जाते, याचे उत्तर येथे सापडते. बापाने काय आणले याला महत्त्व आहेच. पण ते हाती पडल्यावर मुलाची निराशा होऊ नये एवढी दक्षता आईने घेतली. दूर असलेल्या माणसाचे घरातील स्थान घरी असलेली माणसे राखीत असतात. 'तुझ्या बापाला काय पडले आहे' हे वाक्य जेथे रोज उच्चारले जाते, तेथे बापाने गणपतीला कितीही पिशव्या भरून आणल्या तरी उपयोग होत नाही.

आता पत्रांची जागा फोनने घेतली आहे. मुंबईहून वडिलांचा फोन येतो, 'अभ्यास केलास का' एवढे विचारले जाते, 'हो' असे उत्तर मिळते आणि संभाषण आटोपते. यात बापाची माया कमी आहे असे नाही; बोलावयास विषय नसतो. तो विषय शाळा देऊ शकते. वाचनपाठातील एक परिच्छेद आज वडिलांना फोनवर वाचून दाखवावा, समुद्रावरून परतलेल्या बाबांना वाऱ्यांची नावे विचारून लिहून आणावी, आजीला विचारून भाताच्या जुन्या वाणांची यादी करावी, असा गृहपाठ दिल्यास त्यास खर्च येत नाही. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत कोळीवाड्यातील वडीलमंडळी जाळी विणीत घरीच असतात. त्या वेळी शाळा नुकतीच सुरू झालेली असते. एखाद्या वडिलांना वर्गात बोलावून जाळ्याची गाठ शिकवावयास सांगावी. मुलाला त्या दिवशी आपला बाप मास्तरांच्या जागी उभा दिसेल.

गागोद्याच्या घरातील आणखी एक हकिकत सर्वांत महत्त्वाची. त्या घरी एक अंध गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. घरातील सर्वांनी त्यांची आस्थेने काळजी घेतली. पुढे कुटुंब बडोद्यास गेल्यावर ते गागोद्यासच राहिले, आणि एके दिवशी त्यांच्या निधनाचे पत्र आले. घरात सुतक पाळले गेले नाही, म्हणून विनायकाने आईला कारण विचारले. तेव्हा त्याला प्रथमच कळले, की काका रक्ताच्या नात्याचे नव्हतेच. त्यांना कोणी नव्हते, म्हणून ते या घरी राहत होते. इतकी वर्षे एका घरात राहून मुलाला हा भेद कळू नये, यातच सर्व काही आले.

याच आईने भगवद्गीता सोप्या मराठीत हवी असे म्हटले होते आणि ती तूच कर असे मुलाला सांगितले होते. १९१६ साली तो परीक्षेसाठी म्हणून मुंबईस निघाला आणि वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला. आपण परीक्षेस जात नसल्याचे त्याने वडिलांना पत्राने कळविले. १९१८ साली आई वारली. 'गीताई' लिहून झाली ती १९३०-३१ मध्ये. घर सोडलेल्या मुलाने घरातील मागणी बारा वर्षांनंतर पुरी केली.

आता शाळेच्या दप्तराकडे वळावयाचे. दाखल-खारीज रजिस्टरात आईचे व वडिलांचे नाव असते, आणि ते असावयासच हवे. परंतु मुलाची वेणी घालून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत आणणारी व्यक्ती पुष्कळदा निराळी असते. ती आजी असते, थोरली बहीण असते, विधवा आत्या असते, क्वचित शेजारीणही असते. वीटभट्टीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, तिचा प्रस्ताव दिवाळीपूर्वीच व्हावयास हवा. परंतु जेथे मूल आजीजवळच राहते, तेथे ती आजीच पालक होय. पालकसभेत तिला 'मुलाचे आईवडील का आले नाहीत' असे विचारले म्हणजे ती पुढल्या सभेस येत नाही. कोळीवाड्यातील सभा सकाळी ठेवली तर बायका मासळी घेऊन बाजारात गेलेल्या असतात, आणि मग पालक उदासीन असल्याचा शेरा इतिवृत्तात पडतो. वेळ त्यांना विचारून ठरवावी.

प्रत्येक वर्गशिक्षकाने या महिन्यात एका वहीत प्रत्येक मुलापुढे फक्त एवढेच लिहावे: सकाळी त्याला उठविते कोण, जेवावयास वाढते कोण, आणि रात्री ते कोणाजवळ झोपते. पुढील सभेचे निमंत्रण त्या नावाने जावे, आणि सभेत त्या बाईस पहिल्या रांगेत सतरंजीवर जागा असावी.