समुद्रावरचें भाड्याचें तट्टू

इ. स. २००५ मध्यें इंग्लंडांतील अपील न्यायालयापुढें एक चमत्कारिक प्रश्न निर्णयासाठीं आला. जेट स्की हें वाहन कायद्याच्या भाषेंत जहाज होय कीं नव्हे, हा तो प्रश्न. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका जेट स्कीची दुसरीशीं टक्कर होऊन एक मनुष्य गंभीर जखमी झाला होता, आणि धडक देणाऱ्यावरील खटला जहाजाच्या कप्तानाच्या व खलाशांच्या हयगयीसंबंधींच्या कलमान्वयें चालला होता. न्यायाधीशांनीं असा निकाल दिला कीं, जहाज तें, जें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्यासाठीं पाण्यावर चालविलें जातें. जेट स्कीला कोठेंच जावयाचें नसतें, ती केवळ मौजेखातर इकडून तिकडे धांवते. सबब ती जहाज नव्हे. कायद्यांतील ही फट बुजावयास २०२३ साल उजाडावें लागलें.

न्यायालयाला शब्दाचा अर्थ ठरवावयाचा होता आणि त्यासाठीं हवा तितका वेळ होता. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गृहस्थाला तेवढी सवड नसते. दिवाळीच्या अथवा नाताळच्या सुट्टींत मुंबई-पुण्याहून निघालेलें कुटुंब गोव्यांत कळंगुटच्या वाळूवर उतरतें, नाहीं तर मालवणाजवळ तारकर्लीस किंवा अलिबागेकडे नागांवला जातें. कॉलेजांत जाणाऱ्या कन्येचें लक्ष लाटांवरून घोंघावत जाणाऱ्या त्या यंत्राकडे लागलेलें असतें. “बाबा, एकच फेरी!” एवढ्यावर प्रकरण येतें, थोडी घासाघीस होते, नारिंगी जाकीट अंगांत चढतें आणि पांच मिनिटांत यंत्र पाण्यांत असतें. माथेरानला घोडें ठरवावें तितक्याच सहजपणें हें तट्टू ठरतें. पण माथेरानचें घोडें वाट ओळखतें, कड्याच्या तोंडाशीं आपण होऊन थबकतें, आणि बरोबर घोडेवाला चालत असतो. समुद्रावरच्या या तट्टाला वाट ठाऊक नाहीं, थबकणें ठाऊक नाहीं, आणि लगाम म्हणून जें हातीं येतें तें लगामासारखें वागत नाहीं. ही शेवटची गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे.

साध्या यांत्रिक होडीला मागें पंखा असतो आणि पंख्यापाठीमागें सुकाणूं असतें. इंजिन बंद पडलें तरी होडी पुढें सरकत असेपर्यंत सुकाणूं वळवून तिचें तोंड थोडेंबहुत फिरवितां येतें. जेट स्कीला बाहेर पंखा नाहीं आणि सुकाणूंही नाहीं. तिच्या पोटाखालीं जाळी लावलेलें एक तोंड असतें. इंजिन आंतील चक्र फिरवितें, तें चक्र त्या तोंडांतून पाणी ओढून घेतें आणि पाठीमागच्या अरुंद नळींतून जोरानें बाहेर फेंकतें. पाणी मागें गेलें कीं वाहन पुढें जातें. न्यूटनचा तिसरा नियम शाळेंत घोकलेला असतो, तोच येथें काम करतो. पुढची मूठ वळविली म्हणजे मागची नळी वळते, पाण्याचा झोत तिरपा जातो आणि वाहन वळतें. अर्थात् झोत हेंच बळ आणि झोत हेंच सुकाणूं.

या युक्तीचा पूर्वेतिहास न्यूझीलंडच्या उथळ, दगडधोंड्यांच्या नद्यांत सांपडतो. तेथें विल्यम हॅमिल्टन या शेतकरी-यंत्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत पंख्याऐवजीं झोतावर चालणाऱ्या होड्या बनविल्या, कारण पंखा दगडांवर आपटून मोडे. पुढें अमेरिकेंत क्लेटन जेकबसन नांवाच्या मोटारसायकलच्या शर्यती खेळणाऱ्या गृहस्थाला धुळींत पडण्यापेक्षां पाण्यांत पडावें असें वाटूं लागलें आणि त्यानें तीच युक्ति एका माणसाच्या वाहनाला लावली. कॅनडांतील बॉम्बार्डिए कंपनीनें १९६८ सालीं तसें बसून चालविण्याचें वाहन बाजारांत आणलें, परंतु तें फारसें चाललें नाहीं. १९७३ च्या सुमारास जपानच्या कावासाकी कंपनीनें उभें राहून चालविण्याचें वाहन जेट स्की या नांवानें विकावयास काढलें, आणि एका कंपनीनें ठेवलेलें तें नांव सगळ्या जातीला चिकटलें. वनस्पति तुपाला लोक डालडा म्हणूं लागले, तशांतलाच हा प्रकार.

आतां झोत हेंच सुकाणूं, या वाक्याचा अर्थ किनाऱ्यावरच्या माणसाला काय पडतो तें पाहावें. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर जातें. समोर पोहणाऱ्याचें डोकें दिसलें, मन चरकलें, आणि रस्त्यावर स्कूटर चालविणारा प्रत्येक मनुष्य जें करतो तेंच चालकानें केलें: वेगाचा खटका सोडला आणि मूठ वळविली. रस्त्यावर हें शहाणपणाचें असतें. येथें खटका सुटतांच झोत थांबतो, झोत थांबतांच वळण्याची शक्ति जाते, आणि तीनशें-चारशें किलोचें तें धूड ज्या दिशेला निघालें होतें त्याच दिशेला, मूठ कितीही पिळली तरी, सरळ घसरत जातें. टाळावयाचें असेल तर खटका थोडा दाबून ठेवूनच मूठ वळवावी लागते. भीतीच्या क्षणीं वेग ठेवणें हें माणसाच्या सहजबुद्धीच्या अगदीं उलट आहे. तें सांगून कळतें, पण अंगीं यावयास सराव लागतो. २००९ पासून निघालेल्या कांहीं यंत्रांना झोत उलटा फिरवून थांबण्याची सोय आहे, पण भाड्यानें मिळणारें यंत्र त्यांपैकीं असेलच असें धरून चालूं नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें १९९८ सालीं या वाहनांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यावरच्या करमणुकीच्या इतर सर्व वाहनांत माणसें मुख्यतः बुडून मरतात. या एकाच वाहनांत बुडून मरणाऱ्यांपेक्षां आपटून, धडकून मरणारे अधिक आढळले. “आमच्या मुलाला उत्तम पोहतां येतें” हें वडिलांचें समाधान म्हणूनच पुरेसें ठरत नाहीं. पोहणें यावें, जाकीट घट्ट असावें, तें खरेंच. पण जाकीट माणसाला तरंगत ठेवतें, धक्का झेलीत नाहीं. शिवाय खांद्याशीं धरून वर ओढल्यावर जें हनुवटीपर्यंत सरकतें, तें जाकीट पाण्यांत पडतांच डोक्यावरून निघून जावयाचें. तें बदलून मागण्यांत संकोच कसला?

चालकाच्या मनगटाला अथवा जाकिटाला अडकविण्याची एक पिळदार दोरी असते. तिचें दुसरें टोंक इंजिनाच्या बटनाखालीं बसलेलें असतें. माणूस पडला कीं दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतें. त्यामुळें पडलेल्याच्या हाताशीं यंत्र राहतें, आणि बिनचालकाचें यंत्र पोहणाऱ्यांच्या घोळक्यांत शिरत नाहीं. ही दोरी मुठीला गुंडाळून ठेवण्याची खोड किनाऱ्यावर दृष्टीस पडते. ती दोरी नव्हे, दागिना झाला. फेरीला निघण्यापूर्वीं ती एकदां ओढून इंजिन खरोखर बंद पडतें कीं नाहीं हें पाहण्यास अर्धें मिनिट पुरतें.

आपल्याकडे कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर बहुधा भाडोत्र्याबरोबर यंत्राचा माहीतगार बसतो आणि वेग त्याच्या हातीं राहतो. तरुण मंडळींना हें कमीपणाचें वाटतें. कन्येला तर बरोबर कोणी बसलें म्हणजे मौजच गेली असें वाटतें. परंतु चार मिनिटांच्या फेरींत सराव होणें शक्य नाहीं, हें मान्य केलें तर पाठीमागें बसलेला तो पोरसवदा माणूस हाच या सौद्यांतील सर्वांत मोलाचा भाग आहे. जादा पैसे घेऊन त्याला किनाऱ्यावर उतरविण्याची तयारी जो मालक दाखवितो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. बहुतेक कारखानदार आपल्या यंत्रावर चिकटविलेल्या पट्टीवर चालकाचें वय निदान १६ वर्षें असावें असें छापतात. बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं मूठ देऊन छायाचित्र काढणारे पालक ती पट्टी वाचीत नाहींत. त्याच पट्टीवर आणखी एक सूचना असते आणि संकोचामुळें ती कोणी मोठ्यानें सांगत नाहीं. सर्वांत मागें बसलेलें माणूस वेग घेतांना पाठीवर पडलें तर तें थेट झोताच्या तोंडाशीं पडतें, आणि तो झोत शरीराच्या नाजूक भागांत शिरून आंतड्यांना भयंकर इजा करूं शकतो. साधा पोहण्याचा पोशाख तेथें कांहींच संरक्षण देत नाहीं; यासाठींच कारखानदार जाड रबरी पोशाख घालावयास सांगतात. तो नसेल तर मागच्यानें पुढच्याच्या कमरेला घट्ट मिठी मारावी आणि पुढच्यानें एकदम वेग घेऊं नये. सुटे केस, ओढणीचें टोंक, जाकिटाचा लोंबता पट्टा हें सारें पोटाखालच्या जाळीपासून दूर ठेवावयाचें असतें.

वेळ कोणती निवडावी? सकाळीं जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी आरशासारखें दिसतें, आणि नवख्याला तीच वेळ पसंत पडते. दुपारीं खारा वारा सुटला कीं पाणी खवळतें आणि यंत्र लाटेलाटेवर आपटूं लागतें. कंबरेचें दुखणें असणाऱ्यानें त्या वाटेस जाऊं नये. तरी सकाळच्या शांत पाण्यांत एक मेख आहे. इंजिन बंद पडलें तर खारा वारा यंत्राला किनाऱ्याकडे ढकलतो, मतलई मात्र तें बाहेर समुद्रांत नेतो. म्हणून मदतीला जाणारी दुसरी होडी किनाऱ्यावर आहे काय, ही चौकशी सकाळीं अधिक अगत्याची. यंत्र अडलें तर त्याला धरून राहावें; किनारा जवळ दिसतो म्हणून तें सोडून पोहत निघूं नये. पावसाळ्यांत हा खेळ बंद ठेवतात याचा अर्थ ज्याला कळत नसेल त्यानें कांदोळीच्या किनाऱ्यावरची हकीकत आठवावी. जून २००० मध्यें ‘रिव्हर प्रिन्सेस’ नांवाचें खनिज वाहणारें अवाढव्य जहाज तेथील वाळूंत येऊन रुतलें, आणि तें दशकाहून अधिक काळ तेथेंच गंजत पडलें होतें.

इंजिन अडण्याचें कारण पुष्कळदां पोटांतच सांपडतें. प्लॅस्टिकची पिशवी, दोरखंडाचा तुकडा, समुद्रशेवाळ जाळींत ओढलें गेलें कीं इंजिन ओरडतें आणि वाहन हलत नाहीं. इंजिन पुरतें बंद झाल्याखेरीज तेथें हात घालूं नये. येथेंच कोळ्यांच्या रापणीचा विषय निघतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडलेलें लांबच लांब जाळें. त्याचीं दोन्हीं टोंकें वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या हातांत असतात आणि सारें जाळें हळूहळू ओढून आणतात. दुरून पाहणाऱ्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडांची एक रांग तेवढी दिसते. तिच्यावरून यंत्र गेलें तर दोरी जाळींत अडकून फेरी संपते. जाळें फाटलें तर अनेक घरांची दिवसाची कमाई जाते आणि डागडुजीचे दिवसही बुडतात. सुट्टीला आलेल्याचा खेळ आणि कोळ्याचें पोट एकाच पट्ट्यांत नांदतात. रापण लागलेली असतांना तिच्या बाजूला न जाणें हें पाहुण्याकडून अपेक्षित आहेच, पण तें त्याला सांगणें हें भाडें घेणाऱ्याचें काम आहे, आणि तो तें विसरतो.

पैशासंबंधीं थोडेंच सांगण्यासारखें आहे. परदेशीं, विशेषतः थायलंडमधील फुकेट व पट्टाया येथें, यंत्र परत करतांना जुना ओरखडा दाखवून भरपाई उकळण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षें झालेल्या आहेत. तेथें यंत्र घेण्यापूर्वींच त्याच्या चारी बाजूंचीं छायाचित्रें काढावीं आणि पारपत्र तारण म्हणून कोणाच्याही हातीं देऊं नये. प्रवासाचा विमा उतरविलेला असला तरी या खेळाला तो लागू आहे कीं नाहीं, तें कागद वाचून आधींच पाहिलेलें बरें.

फेरी संपवून किनाऱ्याकडे येतांना वेग फार आधींपासून उतरवीत यावें, कारण पोहणारे, फुगे पकडणारीं मुलें आणि गुडघाभर पाण्यांत उभीं असलेलीं वडीलधारीं माणसें यांची गर्दी शेवटच्या पन्नास मीटरांतच असते. पाणी कमरेएवढें असतांनाच दोरी ओढून इंजिन बंद करावें, नाहीं तर वाळू आणि शंखशिंपले पोटांत शिरून चक्र खराब होतें. तेथून पुढें उतरून, यंत्राला हातानें ढकलीत, चालतच वाळूपर्यंत यावयाचें.